पहिलं पान खोडू नका

पालकहो,

मागच्या महिन्यात पालकसभा संपली, खुर्च्या आवरायला सुरुवात झाली, तरी एक वडील दाराशी थांबून राहिले. हातात मुलीचं फोल्डर होतं. म्हणाले, "मॅडम, मुलगी बी.ए.ला आहे. तिनं फिजिक्स घेतलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण फिजिक्स म्हणजे गणितं असतात ना? ही तर दर आठवड्याला पानं भरून लिहिते. आणि त्यात चुकीचं असतं, तेही तुम्ही खोडत नाही. पुढं कसं व्हायचं तिचं?"

मी दोन-चार वाक्यांत काहीतरी सांगितलं. ते समजूतदार होते, मान हलवून गेले. पण त्यांच्या मनातली काळजी तशीच घेऊन गेले, हे मला दिसलं. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. तुमच्यापैकी अनेकांनी तो विचारला नसेल, इतकंच. म्हणून आज निवांत बोलावंसं वाटलं.

आधी हा विषय आला कुठून ते सांगते. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या वर्गांना 'ओपन इलेक्टिव्ह' सुरू झालं. मुलानं आपल्या शाखेबाहेरचा एखादा विषय घ्यायचा. त्यामुळे मराठी, इतिहास, अकाउंट्स शिकणारी मुलं भौतिकशास्त्राच्या तासाला माझ्यासमोर येऊन बसतात. बहुतेकांनी दहावीचा विज्ञानाचा पेपर दिला त्या दिवशी पुस्तक मिटलं, ते मिटलंच. पहिल्या तासाला मी कोरी चिठ्ठी देते आणि 'विज्ञान म्हटलं की मनात काय येतं' ते लिहायला सांगते. नाव लिहायचं नसतं. चिठ्ठ्या उघडल्या की एक वाक्य पुन्हा पुन्हा निघतं: 'सायन्स मला झेपत नाही.' अठरा वर्षांच्या मुलाला हे वाक्य स्वतःहून सुचत नाही. ते त्यानं कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं असतं आणि खरं मानलेलं असतं.

या मुलांसमोर मी पहिल्याच दिवशी फळ्यावर सूत्र लिहिलं, तर ती ते उतरवून घेतील, पाठ करतील आणि परीक्षेनंतर विसरतील. म्हणून मी दर सोमवारी एक प्रश्न देते. घरातला, रस्त्यावरचा, शेतातला. त्यावर त्यांनी एक पान लिहायचं, तेही मी काही शिकवायच्या आधी. तुम्हाला जे वाटतं ते लिहा, पुस्तक उघडू नका, एवढीच अट. मग तासाला प्रयोग होतो, चर्चा होते, वाद होतात. आठवड्याच्या शेवटी त्याच प्रश्नावर दुसरं पान. दोन्ही पानं फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहतात. पहिल्या पानावर मी लाल शाई लावत नाही. पेन्सिलनं समासात एखादा प्रश्न लिहिते. गुण दुसऱ्या पानाला असतात, आणि तेही 'आधी मला असं वाटत होतं, आता असं वाटतं, कारण…' हे किती प्रामाणिकपणे लिहिलंय, त्याला.

एका मुलीची गोष्ट सांगते. तिचं नाव सांगणार नाही, पण तिच्या परवानगीनं सांगतेय.

त्या आठवड्याचा विषय होता 'कार्य'. भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल आणि त्या बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन यांचा गुणाकार. मी सांगितलं होतं, व्याख्या नववीच्या पुस्तकातून शोधून घ्या आणि घरातल्या कुणाच्या तरी दिवसभराच्या कामाला ती लावून बघा. त्या एका आठवड्यापुरती पुस्तकाची परवानगी होती. या मुलीचे आजोबा लासलगावला कांद्याच्या बाजारात हमाली करायचे. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन ओट्यापासून ट्रकपर्यंत चालायचं, दिवसाला कितीतरी खेपा. तिनं व्याख्या लावून पाहिली. गोणीला आजोबांचं बल वरच्या दिशेनं, चालणं आडव्या दिशेनं. बलाच्या दिशेनं विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य.

पानाच्या खालच्या अर्ध्या भागात अक्षर बदललं होतं. पेन दाबून लिहिलं होतं. माझ्या आजोबांची पाठ वाकली, गुडघे गेले, आणि हे पुस्तक म्हणतं की त्यांनी काही केलंच नाही. असलं शास्त्र ज्यांनी लिहिलं त्यांनी कधी गोणी उचलली नसेल.

पालकहो, ते पान वाचून मी बराच वेळ बसून राहिले. इतकी वर्षं मी 'डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या हमालानं केलेलं कार्य शून्य' हे उदाहरण वर्गात सांगत आले. पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं उदाहरण. मुलं हसायची, वहीत लिहायची, आणि परीक्षेत बरोबर यायचं. त्या उदाहरणातला हमाल कुणाचा तरी आजोबा असतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि तिचा राग शास्त्राच्या दृष्टीनंही अगदी योग्य जागी होता. घाम आला, भूक लागली, भाकरी खाल्ली. ती भाकरी मग गेली कुठं? हा भौतिकशास्त्राचा खराखुरा प्रश्न आहे, आणि 'कार्य = ०' एवढं लिहून पूर्ण गुण मिळवणाऱ्या किती मुलांना तो पडतो?

समासात मी पेन्सिलनं लिहिलं: 'कार्य कोणावर झालं नाही? गोणीवर, की आजोबांच्या अंगात?'

तासाला आम्ही पाण्यानं भरलेली बादली हात आडवा लांब करून धरली. बादली जागची हलत नाही, म्हणजे बादलीवर कार्य शून्य. पण अर्ध्या मिनिटात हात थरथरायला लागतो. स्नायू म्हणजे भिंतीतला खिळा नव्हे. खिळा बादली फुकट धरून ठेवतो. स्नायूतले तंतू सतत आखडतात, सैल होतात, पुन्हा आखडतात, आणि त्यासाठी अन्नातून आलेली ऊर्जा खर्च होत राहते. ती बादलीत जात नाही, उष्णता होऊन अंगाबाहेर पडते. म्हणून घाम.

तिचं दुसरं पान दीड पानांचं झालं. तिनं लिहिलं, पुस्तकातला 'कार्य' हा शब्द गोणीच्या बाजूनं बोलतो, माणसाच्या बाजूनं नाही. सपाट जमिनीवर चालताना गोणीला काही मिळालं नाही. पण तीच गोणी आजोबांनी खालून उचलून दीड मीटर उंच ट्रकच्या फळीवर ठेवली, तेव्हा गोणीवर कार्य झालं. ५० किलो गुणिले ९.८ गुणिले १.५, म्हणजे ७३५ ज्यूल. आणि शेवटी: आजोबांचे कष्ट ७३५ ज्यूलपेक्षा खूप जास्त होते, बाकीचे त्यांच्या अंगातच जळून गेले.

बघा, गणित आलं. मी सांगितलं नव्हतं, तिला गरज वाटली म्हणून आलं. 'फिजिक्स म्हणजे गणितं' म्हणणाऱ्या त्या वडिलांना मला हेच दाखवायचं होतं.

यात भाषेची एक गंमत आहे, आणि अडचणही आहे. काम, जोर, ताकद, शक्ती, बल, दाब, वजन हे शब्द आपण लहानपणापासून वापरतो. पुस्तक त्यातलेच काही उचलतं आणि त्यांना वेगळा, काटेकोर अर्थ देतं. घरी 'शक्ती' म्हणजे अंगातली ताकद. पुस्तकात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. घरी वजन किलोत. पुस्तकात किलो हे वस्तुमानाचं एकक, वजन न्यूटनमध्ये. मूल पुस्तकातला शब्द पाठ करतं, पण विचार मात्र घरातल्या अर्थानं करत राहतं. दोन अर्थ डोक्यात एकमेकांशेजारी राहतात आणि त्यांची कधी गाठ पडत नाही. स्वतःच्या वाक्यात ते शब्द वापरायला लागले, की ही गाठ पडतेच. म्हणून मराठीत लिहायचं त्यानं मराठीत लिहावं, अर्धं इंग्रजी आलं तर येऊ द्यावं. आमच्याकडे बागलाणातून येणारी काही मुलं पहिलं पान सरळ अहिराणीत लिहितात. मला त्यातलं सगळं कळत नाही. मग ती मला समजावून सांगतात, आणि समजावता समजावता त्यांचं त्यांनाच काहीतरी लक्षात येतं.

मी स्वतः या सगळ्याच्या उलट वाढले. शाळेत असताना एकदा उत्तरपत्रिकेत मी जडत्व माझ्या शब्दांत लिहिलं. बैलगाडी, उतार, न थांबणारी चाकं असं काहीतरी. बाईंनी त्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'पुस्तकातल्या शब्दांत लिहावे.' बाई वाईट नव्हत्या. बोर्डाच्या परीक्षेत माझे गुण जाऊ नयेत म्हणूनच त्यांनी ते केलं. पण त्या रेघेनंतर मी स्वतःच्या शब्दांत लिहिणं सोडून दिलं ते थेट एम.एस्सी. होईपर्यंत. वर्गात पहिली यायचे. आणि शिकवायला उभी राहिल्यावर, पहिल्याच वर्षी, एका मुलानं 'जडत्व म्हणजे नेमकं काय हो मॅडम?' असं विचारल्यावर मला पुस्तकातल्या व्याख्येपलीकडं एक वाक्य बोलता आलं नाही.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. १९९०च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्यार्थी हुशार, गणितं झटपट सोडवणारे. मझूर यांनी त्यांना अगदी साधे प्रश्न घातले, ज्यांत आकडेमोड काहीच नव्हती. बऱ्याच जणांची त्यात दांडी उडाली. अवघड गणित येत होतं, आणि त्या गणिताच्या मुळाशी असलेली गोष्टच कळलेली नव्हती. त्याच काळात, १९९२ साली, डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यातला एक प्रश्न मी दरवर्षी विचारते. मोठा ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकले, तर कोण कोणावर जास्त बल लावतं? तुम्हीही मनात उत्तर द्या. ट्रक? न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शाळेत पाठ केलेला असणार. तो सांगतो की दोघांची बलं सारखीच. कारचं जास्त नुकसान होतं, कारण तिचं वस्तुमान कमी, तेवढ्याच बलानं तिचा वेग फार जास्त बदलतो. नियम पाठ असूनही आपण 'ट्रक' म्हणतो. नियम वहीत राहतो, आणि ट्रक डोक्यात.

हा डोक्यातला ट्रक बाहेर कसा काढायचा? वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत टेरेसा लार्किन या प्राध्यापिकेनं विज्ञान शाखेबाहेरच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना लिहिण्याचा आधार घेतला. मुलांनी लिहायचं, फोल्डरमध्ये ठेवायचं, शिक्षकानं वाचून त्यावर परत लिहायचं. चुकीची समजूत कागदावर उतरली म्हणजे तिच्याशी बोलता येतं, हा त्यामागचा विचार. १९९९ साली त्यांनी त्यावर शोधनिबंधही लिहिला. माझ्या फोल्डरची कल्पना तिथूनच घेतलेली आहे, हे मी मोकळेपणानं सांगते.

आता दाराशी थांबलेल्या त्या वडिलांकडे परत येते. ते एसटीत कंडक्टर आहेत, मालेगाव–नाशिक गाडीवर. त्यांच्या मुलीच्या फोल्डरमध्ये जे पान होतं, त्याचा प्रश्न असा होता: बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरनं जोरात ब्रेक दाबला, तर आपण पुढे का जातो?

तिनं पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'ब्रेक लागल्यावर एक बल आपल्याला पुढे ढकलतं. हे बल बसच्या वेगातून तयार होतं.' वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी असंच लिहिलं होतं. मी समासात लिहिलं: 'हे बल कोण लावतं? ती वस्तू दाखव.' हाच आमच्या वर्गाचा नियम आहे. बल म्हटलं की ते लावणारी वस्तू बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. मागून कोणी धक्का दिला का? नाही. सीटनं? नाही. हवेनं? नाही.

सभेच्या दिवशी वडील ते फोल्डर घेऊन घरी गेले. मला नंतर मुलीनं सांगितलं. जेवताना त्यांनी तिला विचारलं, "हे काय लिहिलंस? आम्हाला कोणी ढकलत नाही." मग ते उठले आणि घराच्या मधोमध उभे राहून दाखवलं, कंडक्टर तिकिटाचं मशीन दोन्ही हातांत धरून, कशालाही न धरता कसा उभा राहतो ते. एक पाय पुढं, गाडीच्या तोंडाच्या दिशेला. गुडघे किंचित सैल. राहूड घाट उतरताना पुढच्या पायावर भार ठेवायचा नाही, कंबर मागच्या सीटला टेकवायची. "ब्रेक लागला की पाय गाडीबरोबर थांबतात," ते म्हणाले, "वरचं अंग थांबत नाही. ते आपल्या वाटेनं जात असतं. म्हणून पुढं पाय ठेवायचा, त्याला टेकू द्यायला."

वर्षानुवर्षं तिकिटं फाडताना पायांनी शिकलेलं भौतिकशास्त्र होतं ते.

मुलीचं दुसरं पान माझ्याकडे आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं: 'पुढे ढकलणारं बल नाहीच. मला ते सापडलं नाही, कारण ते नाही. उलट बसची फरशी घर्षणानं माझ्या पायांना मागे धरते. पाय थांबतात. छाती आणि डोकं आधीच्याच वेगानं चालत राहतं, त्यांना थांबवणारं अजून काही मिळालेलं नसतं. मी ढकलली जात नाही, मी थांबवली जात नाही.' आणि खाली कंसात: 'हे मला पप्पांनी उभं राहून दाखवलं.'

'मी ढकलली जात नाही, मी थांबवली जात नाही.' जडत्वाची इतकी नेमकी व्याख्या मला माझ्या शाळेत कोणी सांगितली असती तर! आणि हे वाक्य सापडायला पहिल्या पानावरचं चुकीचं वाक्य असणं गरजेचं होतं. मी सोमवारीच लाल रेघ मारून 'जडत्वामुळे' एवढा शब्द लिहिला असता, तर तिनं तो उतरवून घेतला असता. वडिलांच्या नजरेला ते पान पडलं असतं, बरोबर दिसलं असतं, आणि त्या रात्री कोणी घराच्या मधोमध उभं राहिलं नसतं.

गणिताशिवाय विचार काटेकोर होऊ शकतो का, अशी शंका तुम्हाला येत असेल, तर गॅलिलिओचा एक युक्तिवाद सांगते. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात तीन माणसं गप्पा मारतात, आणि त्या गप्पांतून भौतिकशास्त्र उलगडतं. लॅटिनऐवजी त्यानं त्या गप्पा सामान्य लोकांच्या इटालियनमध्ये लिहिल्या. जड दगड लवकर पडतो, हलका हळू, असं धरून चाला. दोघांना दोरीनं एकत्र बांधलं. हलका दगड जडाला मागे ओढणार, म्हणजे जोडी एकट्या जड दगडापेक्षा हळू पडणार. पण जोडी मिळून जास्त जड, म्हणजे ती लवकर पडणार. एकाच वेळी हळू आणि लवकर? म्हणजे गृहीतच चुकलं. यात एकही आकडा नाही, आणि तरी विचार काटेकोर आहे. बी.ए.च्या मुलींनी तो दोन बहिणींच्या भांडणाच्या रूपात लिहिला आणि वर्गात वाचला, तेव्हा मागच्या बाकावरचीही मुलं ऐकत होती.

मायकेल फॅरडेचं उदाहरणही सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा. गणित त्याला फारसं कधी आलं नाही. १८१२ साली शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची चार व्याख्यानं त्यानं ऐकली, घरी येऊन स्वतःच्या शब्दांत, आकृत्या काढून लिहून काढली, वही स्वतःच बांधली आणि डेव्हींना पाठवली. पुढच्या वर्षी त्याला प्रयोगशाळेत काम मिळालं. आज आपल्या घरात वीज येते ती ज्या तत्त्वावर, ते त्यानंच शोधलं. आयुष्यभर तो प्रयोगांच्या नोंदी लिहीत राहिला. त्याच्या कल्पनांना समीकरणांचं रूप पुढे मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं दिलं.

कॉमर्सची मुलं वेगळ्या वाटेनं येतात. माठातलं पाणी गार का होतं, या प्रश्नावर एका मुलानं जमा-नावेचा तक्ता मांडला. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना साधारण २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं, आणि एक ग्रॅम पाणी एका अंशानं गार व्हायला साधारण ४.२ ज्यूल बाहेर जावे लागतात. दहा लिटरच्या माठातून शंभर मिली पाझरून उडून गेलं, तर उरलेलं पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरतं. हिशेब बरोबर आला. मग त्यानंच खाली लिहिलं, 'पण बाहेरची गरम हवा माठात उष्णता जमा करत राहते, ती बाजू मी लिहायची विसरलो.' स्वतःच्या ताळेबंदातली चूक त्याला स्वतःला दिसली. पावसाळ्यात माठ का गार करत नाही, हे त्याच पानावर पुढच्या दोन ओळींत आलं: हवेत आधीच ओल भरलेली, पाणी उडून जाणार कुठं?

आता माझ्या अडचणीही सांगते, म्हणजे मी फक्त चांगलंच दाखवतेय असं व्हायला नको. साठ मुलांची पानं आठवड्याला दोनदा वाचणं सोपं नाही. कधी कधी मी मागे पडते. दुसरं, भाषा चांगली असलेलं मूल फसवू शकतं. मलाही, आणि स्वतःलाही. सुंदर वाक्यांखाली न समजलेलं झाकून जातं. उलट एखादा मुलगा कसाबसा चार ओळी लिहितो, शुद्धलेखन चुकलेलं असतं, पण चारही ओळी खऱ्या असतात. शुद्धलेखनावरून मी एकही गुण कापत नाही, आणि घरी त्यावरून बोलू नका अशी माझी तुम्हाला विनंती आहे. निदान पहिल्या पानावरून तरी.

आणि तिसरी अडचण अशी की त्यात मला तुमची मदत लागणार आहे. मोबाइलवर प्रश्न टाकला की एआय दोन सेकंदांत स्वच्छ, बरोबर उत्तर लिहून देतं. गेल्या सहामाहीत अशी काही पानं माझ्याकडे आली. ती ओळखायला वेळ लागत नाही. त्यांत आजोबा नसतात, राहूड घाट नसतो, आणि चूकही नसते. मी त्या मुलांना रागावले नाही. त्यांना वाटलं होतं, चूक दाखवायची नसते. इतक्या वर्षांच्या शाळेनं हेच शिकवलं होतं. एका मुलाला मी म्हटलं, 'हे उत्तर मला माहीत आहे. तुला काय वाटत होतं ते मला माहीत नाही, आणि ते फक्त तूच सांगू शकतोस.' तो पुढच्या सोमवारी तीन ओळी घेऊन आला. तिन्ही चुकीच्या होत्या. आम्ही तिथून सुरुवात केली.

तेव्हा घरी इतकंच करा. मूल लिहीत असताना 'थांब, मी सांगतो' म्हणू नका, उत्तर तुम्हाला येत असलं तरी. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखव म्हणा. आजीला, धाकट्या भावाला, कुणालाही. आणि कळलं नाही तर 'म्हणजे काय?' एवढंच विचारा. तुम्ही शिकलेले नाही म्हणून मदत करू शकत नाही, असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते: 'म्हणजे काय?' हे विचारायला शिक्षण लागत नाही. समोरच्याला खरोखर कळलेलं नाही, हे दिसलं की मूल दुसरा शब्द शोधतं, उदाहरण शोधतं. शोधता शोधता त्याला स्वतःलाच कळतं की आपलं कुठं अडलंय. आणि तुमच्या हातांना, पायांना जे ठाऊक आहे, ते दाखवा. शिवणयंत्राचं चाक, विहिरीवरची मोटर, चुलीवरचं पातेलं, ट्रॅक्टरचा गिअर. त्यातलं शास्त्र काढणं आमचं काम.

परीक्षेचं काय, असं विचाराल. परीक्षा होईल, आणि तिची तयारीही मी करून घेते. शेवटच्या महिन्यात व्याख्या पुस्तकाच्या शब्दांत पक्क्या करतो, गणितं सोडवतो. स्वतःच्या शब्दांत ज्यानं ती गोष्ट एकदा लिहिलेली असते, त्याला पुस्तकाचे शब्द जड जात नाहीत, असा माझा अनुभव आहे.

येत्या सोमवारचा प्रश्न आधीच सांगून ठेवते. मातीच्या माठाला बाहेरून ओल येते, ती आतलं पाणी पाझरून येते, हे आपण पाहिलं. पण फ्रीजमधून काढलेला स्टीलचा तांब्या ओट्यावर ठेवला, तर थोड्या वेळानं त्याच्याही बाहेर पाण्याचे थेंब जमतात. स्टीलला तर छिद्रं नसतात. मग ते पाणी आलं कुठून?

या वेळी पहिल्या पानावर दोन रकाने आहेत. डाव्या बाजूला मुलाचं उत्तर. उजवी बाजू मी घरातल्या कोणातरी मोठ्या माणसासाठी कोरी ठेवली आहे. बरोबर असलंच पाहिजे असं नाही. तुम्हाला जे वाटतं ते, तुमच्या अक्षरात लिहा आणि खाली सही करा.